हौसेची गाडी आणि लपवलेलं बिल

"क्रेटाच्या पैशात जुनी जर्मन गाडी मिळतेय मॅडम, घेऊ का?"

गेल्या दोन वर्षांत समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय की शेवटी लिहायला बसले. विचारणारे बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले पुरुष. सुरुवात गाडीपासून कधीच होत नाही. झोप लागत नाही, घरी खटके उडतात असं सांगून येतात आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडी बाहेर येते, तीही आवाज खाली करून, जणू काही गुन्हा कबूल करतायत.

त्यातल्या एकांची गोष्ट त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ३९, चाकणला एका कंपनीत नोकरी, घरी बायको, एक मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. गाडी २०१८ ची पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, ६२ हजार किलोमीटर चाललेली, किंमत १९ लाख. १२ लाख साठवलेले, त्यात घरची जुनी वॅगन आर विकून येणारे पैसेही धरलेले, ७ लाख कर्ज. एक्सेल शीट तयार होती. हप्ता, विमा, टायर, सर्व्हिस, सगळे रकाने नीट भरलेले. विक्रेता टोकनसाठी मागे लागलेला आणि हे तीन आठवडे रात्री दोन वाजेपर्यंत जागे.

मी शीट बाजूला ठेवायला सांगितली. म्हटलं, ही गाडी तुमच्याकडे आहे असं समजून एक दिवस सांगा.

त्यांनी रविवार सांगितला. पहाटे साडेपाच, एक्सप्रेस वे, लोणावळ्यात चहा, आठच्या आत घरी. चेहरा खुलला होता. (एक्सप्रेस वेवर कारला मर्यादा १०० ची, घाटात ६० ची आणि आता कॅमेरेही आहेत, तेव्हा २३० हॉर्सपॉवरचं तिथे काय करणार हे मी विचारलं नाही. आनंद काही फक्त वेगाचा नसतो.)

"आता मंगळवार सांगा. पाऊस पडतोय, डॅशबोर्डवर लाल दिवा लागलाय, गॅरेजवाला म्हणतो पार्ट यायला पंधरा दिवस लागतील, बिल ८० हजार."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ऑफिसच्या पत्त्यावर मागवेन बिल."

"का?"

"घरी कशाला कळायला पाहिजे..." आणि वाक्य अर्धं सोडून स्वतःच माझ्याकडे बघत राहिले.

अशा वेळी मी काही बोलत नाही. इतक्या वर्षांच्या कामात एवढं नक्की शिकलेय की त्या शांततेत आपण शब्द टाकला की माणसाच्या हातात आलेलं निसटतं. दोन-तीन मिनिटांनी ते आपणहून वडिलांबद्दल बोलायला लागले. वडील पिंपरीला कामगार, पगाराचं पाकीट आईच्या हातात द्यायचे. एकदा त्यांनी बोनसमधून कॅमेरा घेतला आणि घरी सांगितलं की मित्राचा आहे, ठेवायला दिलाय. काळ्या चामड्याची केस, आत पिवळं फडकं, हे यांना अजून आठवतं. मग आईला पावती सापडली. पाच दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही आणि सहाव्या दिवशी कॅमेरा विकला गेला. हे तेव्हा नऊ वर्षांचे.

मी एरवी भूतकाळ फार उकरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, जी आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली, त्या वाटेने मी काम करते आणि माझा भर आज डोक्यात कुठलं वाक्य चालू आहे यावर असतो. ते वाक्य इथे लख्ख दिसलं. हौस म्हणजे चोरी. हे वाक्य डोक्यात असेल तर गाडी घेतली तरी झोप नाही आणि नाही घेतली तरी नाही, कारण घेतली तर पकडले जाऊ आणि नाही घेतली तर बाबांसारखं मन मारलं.

दुसरं वाक्य त्याच्याच पाठीला पाठ लावून होतं. "ही गाडी घेतलीच नाही तर आयुष्यात स्वतःसाठी काही केलंच नाही असं होईल." मी म्हटलं, यातला "च" काढून परत म्हणा. घ्यायला आवडेल, नाही मिळाली तर वाईट वाटेल. तीन वेळा म्हणाले तेव्हा कुठे खांदे खाली आले. इच्छेशी माझं काहीच भांडण नाही, महागड्या इच्छेशीही नाही. माणसाला पिळून काढते ती मागणी.

पुढच्या भेटीला बायको आली. यांना वाटत होतं ती नाहीच म्हणणार. ती म्हणाली, "मला गाडीचा राग नाही. हे तीन आठवडे फोन उलटा ठेवतात त्याचा आहे." आणि मग जो प्रश्न एक्सेलमध्ये कुठेच नव्हता तो विचारला. "वॅगन आर विकली आणि ही गॅरेजला पडली, तर आईंना फिजिओला कशातून न्यायचं?"

आता असं कुणी आलं की हे मी पहिल्यांदा विचारते. जुनी परफॉर्मन्स गाडी, म्हणजे जास्त ताकदीची, घरातली एकुलती एक गाडी असेल तर तिचं प्रत्येक दुखणं घरातलं भांडण होतं, दुसरी असेल तर ती हौस राहते. वॅगन आर ठेवायची ठरली, बजेट दोन लाखांनी खाली आलं.

दुसरी गोष्ट, तपासणी. गाडीतलं मला फार कळत नाही पण माणसं कळतात, आणि जो विक्रेता ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर घेऊ देत नाही, स्कॅनर लावू देत नाही, त्याच्या घाईला आपण आपली घाई समजायचं नाही. यांनी बिलं मागितली. या गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. तो गिअरबॉक्स गेला तर खर्च लाखांत. सोडून दिली. मला मेसेज आला, "वाईट वाटलं मॅडम, पण कोसळलो नाही." तो मेसेज मी जपून ठेवलाय, खोटं कशाला बोलू.

लोक म्हणतात दिल्ली पासिंगची बघा, स्वस्त मिळते. मिळते, पण एनओसी म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, आपल्याकडचा रोड टॅक्स आणि आरटीओच्या चकरा धरून हिशोब करा, नाहीतर तो मंगळवार गाडी घेण्याआधीच सुरू होतो.

आणि तिसरं, ज्यावर मी अडून बसते. सहा महिने गाडी आहे असं समजून पैसे भरायचे. हप्ता साडेपंधरा हजार, देखभाल दहा हजार, वेगळ्या खात्यात, दोघांच्या नावावर, दर महिन्याच्या पाच तारखेला. जमलं तर परवडते. तिसऱ्या महिन्यात हात आखडला तर तेही कळलं, आणि तेही फुकटात. माझ्याकडे आलेल्या दोघांनी याच टप्प्यावर विचार सोडला आणि ते आज मजेत आहेत.

यांना जमलं. सातव्या महिन्यात दुसरी गाडी मिळाली, एकाच मालकाने वापरलेली, सगळ्या नोंदी असलेली. घेतल्याबरोबर सगळी ऑइलं आणि फिल्टर बदलले, तो खर्च आधीच बजेटमध्ये धरलेला होता.

गेल्या महिन्यात फोन आला. कूलंट गळत होतं, वॉटर पंप बदलावा लागला, मजुरीसकट ३८ हजार. मी विचारलं, बिल कुठंय?

"फ्रिजवर. मॅग्नेट लावून. हिने खाली पेनाने खात्यातली शिल्लक लिहिलीय, ७२ हजार."