नव्या इलेक्ट्रिक ट्रकची डिलिव्हरी कधी मिळेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

बुकिंग नंबर पाऊण लाखाच्या आसपास, कंपनी म्हणते वर्षाला दीड लाख ट्रक काढू, म्हणजे सहा महिन्यांत गाडी दारात, असा तुमचा हिशेब. तो धरू नका. दीड लाख ही पूर्ण क्षमता झाली, पहिल्या वर्षाचं उत्पादन नव्हे.

हाच भागाकार एका मीटिंगमध्ये माझ्या तोंडावर फेकला गेला होता, म्हणून मुद्दाम लिहितोय. चाकणला आमचं प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढायचा कारखाना. एका मोठ्या कंपनीच्या नव्या मॉडेलचे पार्ट आमच्याकडे होते. त्यांच्या प्लॅनिंगवाल्या साहेबांनी तिसऱ्या महिन्यापासून फुल शेड्यूल दिलं. मी म्हटलं, "साहेब, सगळ्यात मागे असलेला पार्ट येईल त्याच वेगानं लाइन चालणार. वायरिंग हार्नेसवाल्याचा पायलट लॉट, म्हणजे चाचणीचा पहिला माल, अजून पास नाही." उत्तर आलं, "तुम्ही फार निगेटिव्ह बोलता." आम्ही शेड्यूलप्रमाणे पत्र्याची कॉइल उचलली, माल काढला. पुढे त्यांच्या यार्डात गेलो तर अर्धवट गाड्यांच्या रांगा, प्रत्येकीच्या काचेवर मार्करनं लिहिलेलं : 'हार्नेस शॉर्ट'. आमचा माल आमच्याच शेडमध्ये गंजत पडला आणि बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज आम्ही भरलं. साहेबांना त्याची झळ लागली नाही.

अमेरिकेत वेगळं काही घडलं नाही. टेस्लानं मॉडेल 3 साठी 2017 अखेर आठवड्याला 5,000 गाड्यांचं लक्ष्य ठेवलं. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत निघाल्या 260, कारण नेवाडातली बॅटरी मॉड्यूलची लाइन अडली होती. 5,000 चा टप्पा गाठला जून 2018 च्या अखेरीस. इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या रिव्हियन कंपनीनं 2022 साठी 50,000 चा विचार केला होता, सुट्या भागांच्या टंचाईपायी तो 25,000 वर आणला आणि प्रत्यक्षात 24,337 गाड्या काढल्या. टेस्लानं आपला इलेक्ट्रिक पिकअप सायबरट्रक नोव्हेंबर 2019 मध्ये दाखवला, उत्पादन 2021 अखेर म्हणाले, पहिल्या चाव्या दिल्या नोव्हेंबर 2023 मध्ये.

खरा आकडा हवा असेल तर रिकॉलच्या, म्हणजे दोष निघाला म्हणून गाड्या परत बोलावल्याच्या नोटिसा वाचा. तिथे कंपनीला गाड्या मोजून सांगाव्याच लागतात. सायबरट्रकच्या मार्च 2025 च्या रिकॉलमध्ये नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 दरम्यान बनलेल्या सगळ्या 46,096 गाड्या होत्या. म्हणजे महिन्याला साधारण 3,000. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी 2025 साठी वर्षाला अडीच लाखांचा अंदाज दिला होता, तो पडतो महिन्याला वीस हजारांच्या वर.

यात मागणी घटल्याचाही वाटा आहे, हे मान्य. सायबरट्रकची बुकिंग दहा लाखांच्या वर गेली होती, पण 100 डॉलर भरून, तेही परत मिळणारे. पुढचे लोक गळाले की तुमचा नंबर आपोआप वर सरकतो. शिवाय जुन्याच मॉडेलवर बेतलेला ट्रक असेल तर वेळ खूप कमी लागतो. फोर्डनं आपल्या जुन्या एफ-150 पिकअपवर बेतलेला इलेक्ट्रिक एफ-150 लाइटनिंग मे 2021 मध्ये दाखवला आणि एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेतल्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात उत्पादन सुरूही केलं. बॉडी, केबिन, सप्लायर बहुतेक जुनेच होते.

तुमचा ट्रक यातल्या कोणत्या जातीचा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पूर्णपणे नवा असेल तर शोरूमवाल्याला तारीख विचारत बसू नका, बॅटरी पॅक कुठे बनतो आणि ती लाइन चालू झाली का, ते विचारा. तो तुम्हाला निगेटिव्ह म्हणाला, तर बुकिंगचे पैसे परत मागा.