निसर्गतः टिकलेल्या ममीत पेशी अजून दिसतात का?

तुमचा प्रश्न असा आहे, की मसाले न भरता नुसत्या थंडीने किंवा कोरड्या हवेने टिकलेल्या मृतदेहाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी दिसतील का. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं ब्लॉक (मेणात बसवलेले नमुने) बनवले, त्यांचे सेक्शन म्हणजे पातळ काप कापले, स्लाइड रंगवल्या. ममीचा तुकडा कधी माझ्या हाती आला नाही, पण हा विषय मी मन लावून वाचत आलोय.

पेशी बहुधा दिसत नाहीत. त्यांना धरून ठेवणारी वीण दिसते.

एकदा बाहेरगावाहून स्वादुपिंडाचा नमुना आमच्याकडे आला, तोही फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणाऐवजी साध्या सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) आणि दोन दिवस उशिरा. स्लाइडवर एकही धड केंद्रक सापडेना. पेशींच्या जागी फिकट गुलाबी सावल्या होत्या, आणि मधले कोलॅजेनचे, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाचे, धागे मात्र जसेच्या तसे. त्या रुग्णासाठी फार वाईट वाटलं, कारण निदान करता आलं नाही. पण मेल्यावर शरीरात आधी काय जातं आणि मागे काय उरतं, हे मला त्या स्लाइडने शिकवलं. स्वादुपिंड, आतड्याचं अस्तर यांच्यात पाचकरस असतात, त्यामुळे ते स्वतःलाच पचवतात. त्वचा, कंडरा, कूर्चा टिकतात. जिवाणू आणि पाचकरस दोघांनाही पाणी लागतं. ते आधी उडालं किंवा गोठलं, तर कुजणं तिथेच थांबतं. हिमाचलमधल्या स्पितीतल्या ग्यू गावची ममी आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. तिथली थंड, कोरडी हवा हेच काम करते.

असा वाळलेला तुकडा थेट मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, धरला तर त्याचा भुगा होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत काम करणाऱ्या मार्क आर्मंड रफर यांनी यावर उपाय काढला: मद्यार्क, पाणी आणि सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात तुकडा मऊ पडेपर्यंत भिजवायचा आणि मग नेहमीसारखा ब्लॉक करायचा. त्यांच्यासमोर इजिप्तच्या मसाले भरलेल्या ममी होत्या, पण नैसर्गिक ममींसाठीही हीच पद्धत थोड्याफार फरकाने वापरतात. नंतर हिमॅटॉक्सिलीन-इओसिन ही नेहमीची निळ्या-गुलाबी रंगांची जोडी लावली तर बहुतेक सगळंच गुलाबी दिसतं, कारण निळा रंग घ्यायला केंद्रकंच उरलेली नसतात. अशा वेळी ट्रायक्रोम स्टेन, म्हणजे तीन रंगांचं मिश्रण, कामी येतो, त्यात कोलॅजेन वेगळं उठून दिसतं.

फुप्फुसातली काजळी तर कुजतच नाही. ग्रीनलंडमध्ये किलाकित्सोक इथे १९७२ साली सापडलेल्या, पंधराव्या शतकातल्या ममींच्या फुप्फुसात ती आढळली. घरात चरबीचे दिवे जळायचे, त्यांचा तो धूर. बंद घरात चुलीशी आयुष्य काढलेल्या बायकांची फुप्फुसं डोळ्यांसमोर आली की ती काजळी मला परकी वाटत नाही.

सगळ्यात थक्क करणारं उदाहरण ओत्झीचं. १९९१ साली आल्प्समधल्या बर्फात सापडलेला हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याची वरची त्वचा निघून गेली होती, पण खालच्या कोलॅजेनवरचे आडवे पट्टे शाबूत होते. आणि २०१२ साली आल्बर्ट झिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या जखमांमध्ये चक्क तांबड्या रक्तपेशी सापडल्या, मध्ये खोलगट असलेल्या, आजच्या आपल्या असतात तशाच! तसा आकार परागकणाचा किंवा जिवाणूचाही असू शकतो, म्हणून नुसत्या आकारावर विसंबून न राहता त्यांनी रामन वर्णपटाने, म्हणजे लेझरचा प्रकाश टाकून पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीने, रक्तातली प्रथिनं ताडून पाहिली. हा काटेकोरपणा मला फार भावतो. पाठीतल्या बाणाच्या जखमेत फायब्रिन या प्रथिनाची जाळीही मिळाली. जखम झाली की रक्त गोठताना ही जाळी लगेच बनते, आणि जखम भरू लागली की विरते. बाण लागल्यावर ओत्झी काही दिवस जगला असावा असं मत होतं, ते या जाळीमुळे मागे पडलं.