दहावीचं गणित पहिल्यांदाच शिकवताय ना?

मॅडम, भाग एक म्हणजे बीजगणित आणि भाग दोन म्हणजे भूमिती, दोन्ही पेपर 40-40 गुणांचे. म्हणून भूमिती दिवाळीनंतर ढकलू नका. समरूपतेची प्रमेयं पाठ करून घ्यायचा मोह होतो. त्यापेक्षा एखाद्या मुलीला फळ्यापाशी बोलवा, प्रत्येक पायरीपुढे कारण लिहायला लावा. "इथे कोको कसोटीच का लागली गं?" (कोको म्हणजे कोन-कोन; दोन कोन जुळले की त्रिकोण समरूप) असं विचारलं की मागच्या बाकावरच्या गप्प मुलीही बोलू लागतात. अर्थनियोजनाच्या धड्यासाठी घरातलं खरं बिल आणायला सांगा; 18 टक्के जीएसटीत सीजीएसटी (केंद्राचा वाटा) 9, एसजीएसटी (राज्याचा वाटा) 9, हे त्याच शोधतील. आणि पालकसभेत कुणी "मुलींना गणित जमत नाही" म्हणालं, तर तिथल्या तिथे खोडून काढा. अकरावीला विज्ञान घ्यायचं की नाही, हे पुष्कळ मुली असलं बोलणं ऐकूनच ठरवतात.