कॅन्सरवर काम करायला एमबीबीएसच लागतं का?

नाशिकमधल्या सिडकोतून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचे वडील गेल्या वर्षी अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. मुलीला नीटमध्ये दुसऱ्यांदा ७२० पैकी ४१२ पडले. तिला मायक्रोबायोलॉजी घेऊन कॅन्सरच्या लॅबमध्ये जायचंय. ते लिहितात, ‘डॉक्टर झाल्याशिवाय कॅन्सरवर काम कोण करू देणार? म्हणून तिसऱ्यांदा बसवतोय. आजोबांसाठी एवढं करायलाच हवं. हल्ली ती आमच्यासोबत जेवत नाही.’

भाऊ, मी मार्कांपाशी थांबलेच नाही. जेवणाचं ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, मी तिथे अडकले. घास अडकतोय असं वडील सांगत होते आणि ‘पित्त असेल’ म्हणत तुम्ही चार महिने घालवले, हेही पत्रात आहे. ही टोचणी तुमची. ती पोरीच्या गळ्यात कशाला बांधताय? अन्ननलिका बरीच अरुंद होईपर्यंत घास अडकत नाही, म्हणून हा आजार बहुतेकांचा उशिराच कळतो. तुम्हाला मी फार दोष देणार नाही, पण तिचा तर काडीचाही संबंध नाही.

आणि तंबाखू ‘कमी केलीय’ म्हणता. वडिलांसाठी काही करायचंच असेल तर ती बंद करा. या कॅन्सरचं ते सिद्ध कारण आहे, त्यासाठी मुलीच्या नीटची वाट बघायला नको.

आता तुमचा गैरसमज. वडिलांच्या रिपोर्टमधलं ‘पी-६३ पॉझिटिव्ह, केआय-६७ साठ टक्के’ तुम्ही उतरवून पाठवलंय. ही दोन्ही प्रथिनांची नावं. हे येतं कुठून? बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप काढून स्लाइडवर घेतात आणि हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी सोडतात. पुढच्या रसायनांनी प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकीची केंद्रकं निळी दिसतात. पी-६३ मुळे गाठ स्क्वेमस, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींतून झालेल्या प्रकारची आहे का ते ओळखायला मदत होते. आपल्याकडे तोच प्रकार जास्त. किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत ते केआय-६७ सांगतं. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच, कबूल. पण कुठलं प्रथिन गाठीच्या ग्रेडशी (पेशी किती बिघडल्यात त्याच्याशी), ती किती खोल गेलीय त्याच्याशी, लिम्फ नोडमध्ये म्हणजे लसिका ग्रंथींत पसरण्याशी जुळतं, हे अनेक रुग्णांच्या ब्लॉकवर तपासणाऱ्यांत एमएस्सी, पीएचडीवाले भरपूर असतात. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात एमबीबीएस न केलेली मुलंमुली कॅन्सरवरच पीएचडी करतात.

रस्ता सांगते: बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर नेट ही परीक्षा. पीएचडी धरून दहाएक वर्षं सहज जातात आणि सुरुवातीला पैसे बेताचेच. तिला हे लपवू नका. आणि पोरी, हे तू वाचत असशील तर संख्याशास्त्र टाळू नकोस; स्लाइड कितीही सुंदर आली तरी शेवटी आकडेच मांडावे लागतात.

क्लासचा पुढचा हप्ता भरला नसेल तर थांबवा. बीएस्सीचे प्रवेश कुठे चालू आहेत ते याच आठवड्यात बघा, आणि फॉर्म तिचा तिलाच भरू द्या.