भार खोक्यावर की आंब्यावर?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. यंदा दलालाकडे माल न देता पुण्याच्या गिऱ्हाइकांना दोन-दोन डझनांचे खोके थेट टेम्पोने पाठवले. थप्पीतले खालचे खोके चेपले, आंबे डागाळले, पैसे परत द्यावे लागले. फोटो सोबत जोडला आहे. तीन पदरीऐवजी पाच पदरी खोका घेऊ का? – एक बागायतदार

उत्तर : आधी तुमचाच फोटो पुन्हा बघा. झाकण मधोमध फुगलंय. म्हणजे आंबे काठाच्या वर आले होते आणि वरच्या खोक्याचा भार पुठ्ठ्याऐवजी फळावर बसला. असं भरलं तर पाच पदरीही वाचवणार नाही.

लाकडी पेटीची सवय हातातून गेलेली नाही, एवढंच. तिच्यात शिगोशीग आंबा भरून वर फळी ठोकली तरी चालायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यात भार मुख्यतः चार कोपरे पेलतात. वरचा थर काठाच्या बोटभर खाली ठेवा आणि खोक्यावर खोका कोपऱ्याला कोपरा जुळवून रचा. हमाल विटांसारखे सांधे मोडून रचतात. त्याने थप्पी हलत नाही हे खरं, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो. सरळ रचा आणि दोरीने आवळा.

माझी अठ्ठावीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात गेली. हंगामात ही तक्रार ठरलेली, आणि खापर आमच्या पुठ्ठ्यावर! (एकदा ते रास्तही होतं. आम्ही अख्खा लॉट आडव्या नळ्यांचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी कागदाच्या पोकळ्या आडव्या येतील असा, कापला होता.) पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्याच हव्यात. खोक्याच्या वरच्या कापलेल्या काठावर नागमोडी रेघ दिसली तर माल बरोबर. दिसली नाही तर परत करा.

पेंढा कोरडा आहे ना? दवात भिजलेला पेंढा रात्रभरात पुठ्ठा नरम करतो. पिकताना आंबा उष्णता सोडतो, म्हणून भोकं लागतातच. पण ती बाजूच्या मध्यावर पाडा. कोपऱ्याजवळ भोक म्हणजे खांबालाच छिद्र.

एवढं करूनही थप्पी उंच लावावी लागत असेल तर खुशाल पाच पदरी घ्या. मात्र जास्त पेंढा मावावा म्हणून मोठा खोका नको. पुढेमागे कुरिअरने पाठवाल तेव्हा अनेक कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागून येणारं वजन धरतात. ४०×३०×२० चा खोका ४.८ किलो, ४५×३५×२५ चा जवळजवळ ७.९. खरं वजन आणि हे, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. दोन डझन हापूस साधारण सहा किलो, म्हणजे मोठ्या खोक्यात तुम्ही हवेचं भाडं भराल.

पुढच्या फेरीत सर्वांत खालचा एक खोका पुण्यातल्या नातेवाइकाच्या नावाने टाका आणि न उघडता चारही कोपऱ्यांचे फोटो मागवा. मलाही पाठवा.