तिशीतच लघवी लीक होते, आता हे असंच राहणार का?

नाशिकमधे समुपदेशन करताना हा प्रश्न खूप बायकांकडून येतो पण सरळ कधीच येत नाही, आधी झोप लागत नाही, चिडचिड होते, आणि उठताना दारापाशी थांबून "ताई अजून एक विचारायचं होतं". शिंकलं, खोकलं, हसलं की लघवी लीक होते, वय तीसच्या आसपास, आणि मनात एकच, हा तर म्हातारपणचा त्रास, मला आत्ताच कसा.

स्वाती (नाव बदललंय) अंबडला एका कंपनीत पॅकिंगला, मुलगी दोन वर्षांची, नॉर्मल डिलिव्हरी. आली होती नवऱ्याशी भांडणं वाढली म्हणून. त्याचं म्हणणं, ही कुठे यायलाच तयार नसते, श्रावणातली त्र्यंबकची पायी ब्रह्मगिरी फेरी पण सोडली. बोलता बोलता कळलं की सगळे कपडे काळे नाहीतर गडद, स्कूटीच्या डिकीत जास्तीची लेगिंग, सिडकोतल्या घरातून निघताना एकदा बाथरूम, कंपनीत पोचल्या पोचल्या परत, आणि मग शिफ्ट संपेपर्यंत पाणी जवळपास बंद, कारण लाइनवरून उठलं की सुपरवायझर सगळ्यांसमोर विचारतो "परत?" रात्री जवळ यायला नको वाटायचं ते पण तेव्हा लीक होईल या भीतीने. सासूला सांगून पाहिलं तर "बाळंतपणानंतर होतंच गं, आम्हाला पण होतं".

हे "होतंच" मला फार लागतं. बऱ्याच जणींना होतं हे खरं, मूल न झालेल्या, पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलींना पण होतं, पण त्यावर उपाय आहे आणि तो बहुतेक वेळा ऑपरेशनचा नसतो.

तिला तीन दिवस सगळं लिहायला सांगितलं, किती प्यायलं, कधी गेले, कधी लीक झालं. वहीत दुपारपर्यंत चहा तीनदा आणि पाणी एक ग्लास. पाणी तोडलं की लघवी कडक होते, लघवीच्या पिशवीला चुरचुरते आणि घाई उलट वाढते, वर बद्धकोष्ठ होऊन जोर लावावा लागतो तो लघवी धरून ठेवणाऱ्या, आधीच कमकुवत झालेल्या स्नायूंवर येतो. म्हणजे लपवायला म्हणून जे करत होती त्यानेच त्रास वाढत होता.

पुढचं काम माझं नव्हतं, गायनॅककडे पाठवलं, इन्फेक्शन आणि शुगर तपासून त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे दिलं. केगल व्यायाम (याच खालच्या स्नायूंचा) ती रील बघून आधीच करत होती पण पोट आवळून, श्वास रोखून, खाली जोर देऊन, म्हणजे बरोबर उलटं. वारा अडवताना आवळतो तसं आवळून आत-वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीन वेळा, आणि निदान तीन महिने तरी. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं. लघवी मधेच थांबवून सराव मात्र करू नका.

माझ्याकडे होतं ते नवऱ्याला सांगणं. तिने माझ्यासमोरच सांगितलं, खाली बघून, तुटक तुटक. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "मला वाटलं मी आवडेनासा झालोय." भांडणाचं मूळ इतकंच होतं आणि वर्षभर दोघं त्यावर बोलले नव्हते.

आता तिचं लीक बरंच कमी झालंय, सर्दी झाली की अजून होतं, पॅड वापरते (पाळीचं नाही, लघवीसाठी वेगळं मिळतं ते, ते ओलं कमी लागतं). पाणी कामावर पण पिते.

तुम्हाला असं होत असेल तर गायनॅककडे जा. लघवीत रक्त, जळजळ, ताप, किंवा मांड्यांच्या मधे बधीरपणा असेल तर थांबूच नका, अचानक बधीर वाटून कंट्रोल गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि डॉक्टरांसमोर तोंडातून शब्दच निघत नसतील तर कागदावर लिहून पुढे करा, स्वातीने तेच केलं होतं.