व्हीआर हेडसेटने वृद्धांची नजर तपासायची आहे, मग ऑप्टोमेट्री सोडू का?

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र मिळालं. तू ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे नजर तपासण्याच्या शास्त्राच्या, तिसऱ्या वर्षाला आहेस आणि गेम प्रोग्रामिंग स्वतःच्या हौसेने शिकली आहेस. काचबिंदू झालेल्या वृद्धांना पेरिमीटरवर (उजेडाचे ठिपके दाखवून आजूबाजूचं किती दिसतं, म्हणजेच दृष्टिक्षेत्र, मोजणाऱ्या यंत्रावर) हनुवटी टेकवून मान स्थिर धरणं किती जड जातं, हे तू क्लिनिकमध्ये पाहिलंस. स्वस्तातला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, आभासी दृश्य दाखवणारा पडदा) लावला तर त्यांना खुर्चीत टेकून बसल्या बसल्या तपासता येईल, असं तुला वाटतं. त्यासाठी ऑप्टोमेट्री सोडून कॉम्प्युटरकडे वळावं का, हा तुझा प्रश्न. वडिलांच्या मते हे सगळं खेळण्यांचं वेड आहे आणि त्यात नोकऱ्याही नाहीत.

ऑप्टोमेट्री अजिबात सोडू नकोस. या कामासाठी कोड लिहिणारे पुष्कळ मिळतील. पडद्यावरचा ठिपका समोरच्या आजोबांना का दिसला नाही, हे सांगू शकणारी माणसं फार थोडी आहेत. कारणं अनेक असू शकतात: दृष्टिक्षेत्राचा तो भाग खरोखर गेला असेल, लेन्स नजरेसमोर नीट बसली नसेल, बटण दाबायला उशीर झाला असेल, किंवा सूचनाच ऐकू आली नसेल. हे ओळखणं म्हणजेच या क्षेत्रातलं खरं काम.

थोडं खोलात जाते, कारण तुझ्या प्रकल्पाचं यश यावरच ठरेल. ६/६ नजर म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखता येणं. परवडणाऱ्या बऱ्याच हेडसेटमध्ये एका अंशात साधारण २० ते २५ पिक्सेल असतात. २० पिक्सेलचा हिशोब करून बघ: एक पिक्सेल त्या तपशिलाच्या तिप्पट मोठा, म्हणून सर्वांत बारीक अक्षर जेमतेम ६/१८ चं (निरोगी नजरेला १८ मीटरवरून दिसणारं ६ मीटरवरून दिसणं) निघतं. म्हणजे ६/६ आणि ६/९ यांतला फरक त्यावर कळणारच नाही. मात्र ज्यांची नजर ६/१८ पेक्षा कमी आहे, त्यांच्यासाठी हाच पडदा उपयोगी पडू शकतो. उजेडाचंही तसंच आहे. क्लिनिकमधल्या प्रमाणित पेरिमीटरचा सर्वांत तेजस्वी ठिपका ३००० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या (हे तेजस्वितेचं एकक) वर जातो, तर स्वस्त हेडसेटचा पडदा १०० च्या आसपास थांबतो. त्यामुळे काचबिंदू खूप वाढलेल्या रुग्णाला हेडसेट 'इथे काहीच दिसत नाही' असं सांगेल आणि उरलेली थोडी नजर नोंदीतून निसटेल. चाळणी चाचणी म्हणून, म्हणजे संशयित रुग्ण वेगळे काढण्यापुरता, तो चालेल, पण वाढलेल्या आजारावर लक्ष ठेवायला मी तो वापरणार नाही.

मॅक्युला (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग) खराब झालेल्यांची अडचण आणखी वेगळी. मधली नजर गेल्याने ते डोळ्याच्या कडेने बघतात. 'मधल्या खुणेकडे बघा' या सूचनेवर उभारलेली चाचणी त्यांच्या बाबतीत पहिल्याच पायरीला अडते. हेडसेटमधलं चित्र डोळ्यांसाठी एक-दोन मीटरवर असल्यासारखं असतं, म्हणून वाचायचा चष्मा इथे चालत नाही. दूरचा चष्मा काढून ठेवला तर धूसरपणाच आजार म्हणून नोंदला जाईल.

मला स्वतःला मात्र या तंत्रात दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. तक्त्यावरची अक्षरं वाचणाऱ्या आजी रस्ता ओलांडू शकतील का, पायरीची कड त्यांना दिसेल का, गर्दीत ओळखीचा चेहरा सापडेल का, हे तक्ता सांगत नाही. खऱ्या रस्त्यावर ही परीक्षा घेणं धोक्याचं आहे. आभासी रस्त्यावर ती बसल्या जागी घेता येते. तीही बसूनच घे, दृश्य आपोआप सरकवू नकोस, सत्र छोटं ठेव. डोळे 'चाललो' म्हणतात आणि कान तोल सांभाळत 'बसलो' म्हणतो, तेव्हा मळमळ होते, आणि उठताना वृद्ध माणूस पडू शकतो.

मग पुढे काय? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प लहान ठेव. त्याच रुग्णांना, त्याच दिवशी, प्रमाणित यंत्र आणि हेडसेट दोन्हींवर तपास आणि फरक किती पडतो ते मांड. काही दिवसांनी पुन्हा तपास, कारण त्याच माणसाचा निकाल दोनदा वेगळा येत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. त्याआधी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णांची संमती घ्यायला विसरू नकोस. संख्याशास्त्र आणि सायकोफिजिक्स (उजेडासारखी उत्तेजना आणि माणसाला होणारी जाणीव यांचं नातं मोजण्याचं शास्त्र) मनापासून शिक. मधल्या काळात पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषाही शिकून होईल. पदवीनंतर निदान वर्षभर लो व्हिजन (चष्म्यानेही न सुधारणारी कमी नजर) विभागात काम कर, मग व्हिजन सायन्स किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण घे.

वडिलांना सांग, 'व्हीआर तज्ज्ञ' अशा पाटीच्या नोकऱ्या आज थोड्याच आहेत, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण नेत्र रुग्णालयं, पुनर्वसन केंद्रं, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांचे चाचणी विभाग आणि विद्यापीठांतल्या प्रयोगशाळा या चारही ठिकाणी तुझी पदवी चालते. प्रकल्प फसला तरी हातातलं काम जात नाही.

हेडसेट कोणता घेऊ, असंही विचारलं आहेस. सध्या विकत घेऊ नकोस, महाविद्यालयातून किंवा ओळखीतून उसना मिळव. चष्म्यावरून बसतो का, वजन किती आहे, दोन लेन्समधलं अंतर बदलता येतं का आणि पडद्याची तेजस्विता तुला स्वतः मोजता येते का, एवढं तपासून मला कळव.